हत्ती सगळ्यांनाच व्हायचं होतं

चळवळीची पत्रकं वाचून वाढलेल्या मला पोथीचा राग होता. खरं तर पोथीपेक्षा ती ऐकण्याच्या रीतीचा. बायका वाती वळत, पुरुष पेंगत, आणि अध्याय संपला की सगळे पुण्य घेऊन घरी जात.

आमची वाडी पोलादपूरच्या वरच्या अंगाला. त्या वर्षी अधिक महिना ज्येष्ठात आला आणि पोथी वाचणारे आजोबा मुंबईला लेकाकडे गेलेले, म्हणून काकांनी मला पाटावर बसवलं. मी अट घातली: नुसतं ऐकायचं नाही. डोळे मिटून कथेत शिरायचं आणि आपण कोण झालो ते सांगायचं.

काकांच्या घरात तेव्हा एकच विषय धुमसत होता. माझी चुलतबहीण सातवी पास झाली होती. तिला महाडला मावशीकडे राहून हायस्कुलात जायचं होतं. काका नाही म्हणत होते. शाळा उघडायला आली होती. मी काकांना समानतेवर भाषणं दिली, तर त्यांना बसल्या जागी झोप लागली.

अशात एके दिवशी पोथीत हत्तीची कथा होती. डोहात मगर त्याचा पाय धरते आणि तो देवाचा धावा करतो. वाचून झाल्यावर विचारलं, तर ओटीभर हत्तीच हत्ती. कुणाला सासूनं धरलेलं, कुणाला दम्यानं. एका म्हाताऱ्यानं तर मुंबईच्या मुकादमालाच मगर केलं. काकांनी मात्र डोळे उघडले नव्हते. तरुणपणी ते दासगावला होडीवर असत. मगरी त्यांनी जवळून पाहिलेल्या.

"मी मगर झालो," ते म्हणाले.

ओटी हसली. काका हसले नाहीत. "मगर काय वैरानं धरत नाय रे. तिला वाटतं, आपल्या डोहात आलं ते आपलंच हाय."

काकीनं वातीवरून मान वर न करता विचारलं, "मग तुमी पाय कुणाचा धरलाय?"

दाराआड उभ्या बहिणीच्या बांगड्या किणकिणल्या.

काका माझ्याकडे वळले. "पोथीत पुढं मगरीचं काय होतं?"

"आधी देवाचं चक्र बसतं," मी म्हणालो. "मग तिचाही उद्धार."

काकांनी थोडा विचार केला. "चक्राआधीच सोडलेला बरा," ते म्हणाले, आणि दाराकडे बघून, "मावशीला सांगावा धाड गो."

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी तिची ट्रंक डोक्यावर घेऊन ते स्वतः एस्टीपर्यंत उतरले. ती इतकी पुढं पळत होती की त्यांना सारखं "सावकाश गो" म्हणावं लागत होतं.