कानशिलांवरचे केस

माझ्या थोरल्या बहिणीला गिऱ्हाइकं पक्कड म्हणायची. तोंडावर नाही, पण तिला माहीत होतं आणि मनातून आवडायचंही. आमचं पार्लर दोन खुर्च्यांचं, समोर मोठं हॉटेल. तिथे काउंटरवर, जेवणाच्या हॉलमध्ये आणि वरच्या मजल्यांवर मिळून तीसेक मुली कामाला. डोक्यावरचा एक केस इकडचा तिकडे दिसता कामा नये, असा तिथला नियम. पाळी सहाची, म्हणून साडेपाचलाच मुली डोळे चोळत आमच्या दारात. ताई पाणी मारून, जेल लावून, केस मागे खेचून असा अंबाडा घालायची की मुलगी पाळी संपवून घरी जाऊन झोपली तरी तो जागचा हलायचा नाही. एकदा एकीनं विचारलं, "मॅडम, डोळे मिटत नाहीत, जरा सैल कराल का?" ताई म्हणाली, "बरं झालं की. कामावर डुलकी लागणार नाही."

असले विनोद आम्ही वर्षानुवर्षं केले. आता आठवले की स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते.

ताईचे स्वतःचे केस म्हणजे काय सांगू. रूपाचं वाटप चाललं होतं तेव्हा ही रांगेत नव्हती, असं आमची आई चारचौघांत बिनदिक्कत बोलायची. रंग बेताचा, दात जरा पुढे. पण केस मात्र एका मुठीत मावायचे नाहीत, सोडले तर मांड्यांपर्यंत. घरात फोटो काढायचा झाला की आई तिला पाठमोरी उभी करायची. आई हसायची, आम्हीही हसायचो. ताई हसायची की नाही ते फोटोत कसं दिसणार? भावोजींनीही तिला पहिल्यांदा बसच्या रांगेत मागूनच पाहिलं. "तिनं वळून बघेपर्यंत मला उशीर झाला होता," असं ते सांगायचे. त्यांना स्वतःला तिशीतच टक्कल पडलं, वडिलांकडून आलेली तेवढीच इस्टेट. त्यांना त्याचं काही नव्हतं. तोंड धुताना थांबायचं कुठे ते कळत नाही, एवढीच तक्रार. ताईचं तसं नव्हतं. देवानं हातात दिलेली एकच गोष्ट, ती तिनं जिवापाड जपली होती.

आणि जपायची म्हणजे काय, तर रोज अंबाडा घालून दुकानात मिरवायची. हातच्या काकणाला आरसा कशाला? दुकानात आलेल्या मुलीनं ताईचं डोकं बघायचं आणि खुर्चीत बसायचं. पण स्वतःचा अंबाडा स्वतःला तेवढा घट्ट घालता येत नाही, हात मागे वळले की जोर जातो. त्यामुळे तिचा अंबाडा मी घालायची. पंधराव्या वर्षी हे काम शिकले ते तिच्याच डोक्यावर. शिकाऊ पोरीला गिऱ्हाइकाचं डोकं कोण देणार? रोज पहाटे पाचला ती स्टुलावर माझ्याकडे पाठ करून बसायची आणि मी मागे उभी राहायची. कमी ओढलं तर म्हणायची, "जेवत नाहीस का गं तू?" एकोणीस वर्षं हे चाललं.

पस्तिशी ओलांडली आणि कानशिलांवरचे केस जायला लागले. आधी तिथे लाल पुटकुळ्या आल्या. मग अर्ध्या बोटाएवढे तुटके केस दिसायला लागले, आणि मग तेही दिसेनात. संध्याकाळी पिना काढल्या की तिचं डोकं इतकं ठणकायचं की उशीला टेकवत नव्हतं. मी म्हटलं, "ताई, इथे विरळ झालंय." ती म्हणाली, "पाणी बदललंय नळाचं." बाकीच्या गावाला मात्र त्याच नळाच्या पाण्यानं काही होत नव्हतं.

मग आम्ही दोघी शहाण्यांनी काय केलं असेल? मागचे केस पुढे आणून ती जागा झाकली. झाकलेले केस सरकू नयेत म्हणून आणखी पिना, आणखी जेल, आणि कालच्यापेक्षा जास्त ताण. उरलेल्या फटीत भुवयांची पेन्सिल. अंबाड्याच्या धंद्यातल्या माणसालाच सुचेल असा हा उपाय. दुसऱ्या कुणाही बाईनं केस सोडले असते, नाहीतर डोक्याला रुमाल बांधला असता.

उपाय म्हणाल तर एक सोडला नाही. आधी रक्त तपासलं. लोह कमी निघालं. "बघ, सापडलं," म्हणून ताईनं डॉक्टरांना दुवा दिला आणि तीन महिने गोळ्या खाल्ल्या. लोह वाढलं, चेहऱ्यावर तजेला आला, कानशिलं तशीच. थायरॉइड तपासलं, ते ठीक. मग एका मासिकात तिनं वाचलं की मोठा ताप येऊन गेला की दोन-तीन महिन्यांनी केस गळतात आणि पुढे आपोआप येतात. तिला ताप येऊन दोन वर्षं झाली होती, तरी त्या आशेवर आणखी सहा महिने काढले. बाळंतपणानंतर गळतात म्हणावं तर तिला मूल नाही. मासिकातलं ते वाक्य तिनं मोठ्यानं वाचलं आणि पान उलटलं. मग अंडी, डाळी, कडधान्यं, आणि कांद्याचा रस. रसानं दुकानात असा वास सुटला की एका मुलीनं विचारलं, "मॅडम, आज कॅन्टीन पण चालू केलं का?" भावोजी म्हणायचे, काळजी सोड, काळजीनंही जातात. हे सांगताना त्यांचं डोकं दिव्याखाली चमकत असायचं.

रोग रेड्याला आणि औषध पखालीला. सगळं केलं, अंबाडा तेवढा सोडला नाही.

शेवटी औषधांच्या दुकानातून केस उगवायचे थेंब आणले. रोज दोनदा लावायचे, निदान चार महिने धीर धरायचा. पहिल्या महिन्यात होते तेही गळायला लागले तेव्हा ताई रडकुंडीला आली. दुकानदार म्हणाला, कधीकधी असं होतं, थांबू नका. ती थांबली नाही. आणि तिसऱ्या महिन्यात एका पहाटे तिनं मला हाक मारली. हातात मोबाइलचा दिवा, डोकं कललेलं. "बघ. खोटं सांगू नकोस."

होते. डाव्या कानशिलावर जावळासारखे बारीक, रंग नसलेले केस. मी मोजले. अकरा. ताईनं माझा हात धरला आणि धरूनच ठेवला. इतक्या वर्षांत तिनं मला कधी जवळ घेतलं नव्हतं, आमच्या घरात ती पद्धत नव्हती. म्हणाली, "येतायत गं. सगळे येतील." मग स्टुलावर बसली, पाठ माझ्याकडे केली आणि म्हणाली, "चल, उशीर होतोय."

मी फणी फिरवली. ते अकरा केस बाकीच्यांबरोबर मागे ओढायला गेले तेव्हा त्यांच्या मुळाशी कातडी तंबूसारखी उचलली गेली. ते मला दिसलं. अगदी स्वच्छ दिसलं. हात थांबला माझा. बाहेर मुली दार वाजवत होत्या. ताई म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही." आणि रबर आवळलं.

मला त्याच क्षणी कळलं होतं. कुणी शाळा शिकवायची गरज नव्हती. पण ताईनं अंबाडा सोडला तर गिऱ्हाइकाला काय दाखवायचं? आणि सोड म्हणायचं तर पुढचा प्रश्न आलाच, इतकी वर्षं ओढत कोण होतं? म्हणून गप्प बसले. मी भित्री आहे, त्याला दुसरा शब्द नाही. महिन्याभरात ते अकरा केस गेले. ताई म्हणाली, थेंब जुने असतील. मी म्हटलं, असतील. नवी बाटली आणून दिली, ती मात्र लगेच.

त्यानंतर दीड वर्ष गेलं. कपाळ मागे मागे सरकत राहिलं आणि पेन्सिल पुरेना झाली, तेव्हा कुठे आम्ही केसांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बाई तरुण होत्या. त्यांनी अंबाडा सोडायला सांगितला. पिना काढून टेबलावर ठेवल्या, त्या सत्तेचाळीस निघाल्या. बाईंनी भिंग लावून कानशिलं पाहिली, मग कपाळाची कड पाहिली, पुन्हा कानशिलं पाहिली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. चांगली बातमी असली की माणूस भिंग इतक्या हळू खाली ठेवत नाही.

"ही कातडी बघा, गुळगुळीत झालीय," बाई म्हणाल्या. "केस जिथून बाहेर येतो ती भोकंच बुजलीत. रोज ताण बसून मुळं मेली. पुटकुळ्या येत होत्या, तुटके केस दिसत होते, तेव्हा नुसते सैल सोडले असते तरी बरेचसे आले असते."

ताईनं विचारलं, "थेंबांनी?"

"जिवंत मुळाला थेंब मदत करतात. इथे मूळच नाही."

"मध्ये थोडे आले होते. अकरा."

बाईंनी वर पाहिलं. "कधी?"

"दीड वर्ष झालं."

"तेव्हा मुळं जिवंत होती म्हणायची," बाई म्हणाल्या. त्यांना ते बोलल्यावर वाईट वाटलं असावं, कारण लगेच त्या मागचे केस काढून पुढे लावण्याबद्दल सांगायला लागल्या. अशा कातडीत ते धरतीलच असं नाही, हेही त्यांनीच सांगितलं. ताई ऐकत होती की नाही कुणास ठाऊक. मग कागदावर लिहिता लिहिता बाईंनी विचारलं, "इतके घट्ट बांधतं कोण?"

ताई म्हणाली, "मीच."

मी पर्सची चेन उघडली आणि लावली.

बाहेर पडलो. ताईनं केस तसेच मोकळे ठेवले होते, मागून अजूनही बघत राहावं असे. रस्त्यात एका बाईनं वळून पाहिलंही. नंतर समोरून पाहिलं आणि नजर काढून घेतली. बसस्टॉपवर आम्ही उभ्या राहिलो. एक बस सोडली, दुसरीही सोडली.

मी म्हटलं, "ताई, तू खोटं का बोललीस?"

"तू बोलशील म्हणून," ती म्हणाली. "मी ‘मीच’ म्हणाले की तू म्हणशील, ‘नाही, मी बांधते.’ वाट बघत होते."

मी येणाऱ्या बसचा नंबर वाचायला लागले. चोराच्या मनात चांदणं. तिनं शांतपणे विचारलं, ओरडली असती तर बरं झालं असतं. "तुला कधीपासून माहीत होतं?"

खोटं बोलता आलं असतं. तिनंच नुकतं बोलून दाखवलं होतं. पण तिच्या मोकळ्या कानशिलांवर ऊन पडलं होतं, कातडी काचेसारखी चमकत होती आणि मला नाही जमलं. मी म्हटलं, "ते अकरा आले होते तेव्हा."

ताईनं मान हलवली, भाव सांगितल्यावर गिऱ्हाईक हलवतं तशी. पुढची बस आली आणि आम्ही चढलो. ती एका अनोळखी बाईच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर बसली, मी मागे.

दुकान चालू आहे. सकाळच्या मुलींना आता मीच घेते. सुरुवातीचे आठ दिवस मी सगळ्यांचे अंबाडे सैल घातले आणि का ते समजावूनही सांगितलं. नवव्या दिवशी हॉटेलच्या साहेबांनी तिघींना दारातून परत पाठवलं, अर्धा दिवस कापून. त्या माझ्याकडे आल्या त्या भांडायलाच. "मॅडम, केस जातील तेव्हा जातील, नोकरी आज जातेय." दोन दुकानं सोडून दुसरं पार्लर आहे, तिथे हवा तितका घट्ट बांधून देतात. मी पुन्हा घट्ट घालायला लागले. सगळ्यात लहान आहे तिच्या कानशिलावर पुटकुळ्या आल्यात. मी तिला सांगितलं. "हो मॅडम," म्हणाली आणि आरशात अंबाडा तपासून पळाली.

ताई रुमाल बांधून गल्ल्यावर बसते, टॉवेल धुते. माझ्याशी बोलते, वाईट बोलत नाही. चहा झाला का विचारते, औषधं आण म्हणते. केस स्वतःच विंचरते, सैल वेणी घालते, बराच वेळ लागतो तिला. परवा वेणीत गाठ अडकली होती, हात पोचत नव्हता. मी उठले आणि फणीसाठी हात पुढे केला. ती म्हणाली, "राहू दे," आणि स्टूल फिरवून माझ्याकडे तोंड करून बसली.