येऊन राहिलेला मिस्तरी आणि चार नंबरचा हिरवा दिवा

परवा सकाळी अकोल्याहून अमरावतीला गेलो. तिथल्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये आमचा नवा प्रोग्राम बसवलाय, तो नीट चाललाय ना एवढंच बघायचं होतं...

कोड लिहिणारा सलील पुण्याहून आदल्या दिवशीच येऊन थांबला होता. खरं तर तो कोड आधी माझ्याकडे, अकोल्यात जठारपेठेत, तपासायला यायचा होता. पण पुण्यात एकदा 'चाललंय' म्हटलं, की तपासणी झाली असं धरतात.

काम साधं आहे. संत्र्यांच्या प्रत्येक खोलीत तापमान सांगणारा एक डबा, आणि ऑफिसातल्या कॉम्प्युटरने त्या सगळ्या डब्यांशी बोलत राहायचं. प्रत्येक डब्याशी जोडणाऱ्या तोंडाला आम्ही सॉकेट म्हणतो.

जुना प्रोग्राम एका डब्याला फोन लावून तो उचलेपर्यंत तसाच कानाला लावून बसायचा. म्हणजे एक मामा फोन उचलत नाहीत, म्हणून बाकीच्या गावाला लग्नाचं आवतणच नाही! नवा प्रोग्राम नॉन-ब्लॉकिंग. रिंग द्यायची आणि पुढच्याकडे वळायचं.

मी पोचलो तेव्हा पडद्यावर सगळ्या खोल्यांचे दिवे हिरवेगार होते. समोर प्रमिलाताई बसलेल्या. कोल्ड स्टोरेज त्यांचंच.

"चार नंबरचं मशीन सकाळीच बंद पडलं," त्या म्हणाल्या. "लाईनच काढून ठेवली त्या खोलीची. पन तुमचा पडदा म्हनते थंडी धरून हाये, म्हनून क्रेट हलवले नाई. माल भायेर देशात जाऊन राह्यला जी. चार फळं नरम निंघाली तं अख्खी गाडी वापस येते."

"काळजी नको सर," सलील म्हणाला, "मेकॅनिक आलाय. इथेच राहिलाय."

मी आजूबाजूला पाहिलं. "कुठे?"

"असेल आत. ताईच म्हणाल्या ना सकाळी, मिस्तरी येऊन राहिला."

"मंग!" ताई म्हणाल्या. "येऊनच राह्यला नं तो!"

दोघेही एकमेकांवर खूश. त्या ऑफिसात दोन्ही भाषा येणारा मी एकटाच, त्यामुळे घाम फक्त मला फुटला.

ताईंकडून नंबर घेऊन मिस्तरीला फोन लावला. मागे चहाच्या ग्लासात चमचा वाजत होता. "येऊन राह्यलो नं भाऊ, झालंच! मूर्तिजापूरले हावो."

पुण्याच्या मंडळींसाठी खुलासा... मूर्तिजापूर अमरावतीपासून तासाभरावर. आणि आमच्याकडे 'येऊन राह्यलो' म्हणजे येतोय. निघालोय, वाटेत आहे, किंवा आंघोळीला पाणी तापतंय. पोचलो, असं मात्र कुणीही म्हटलेलं नसतं.

तसाच उठलो आणि चार नंबरचं दार उघडलं. आतली थंडी अंगावर यायला हवी होती. आली ती देवळाच्या गाभाऱ्यासारखी दमट, जेमतेम गार हवा. बाहेर पडद्यावर मात्र साडेपाच डिग्री. सकाळपासून साडेपाच! इतकी स्थिर मी फक्त सरकारी कचेरीतली फाइल पाहिली आहे.

"ताई, क्रेट हलवा. आत्ताच."

ताईंनी का, कसं, कोणाची चूक, काही विचारलं नाही. पदर खोचला आणि हमालांना हाका मारत निघाल्या. दोन नंबरच्या खोलीत जागा होती.

मग मी सलीलचा कोड उघडला. चहा यायच्या आत चूक सापडली, हे सांगताना मला जराही संकोच वाटत नाही.

नॉन-ब्लॉकिंग सॉकेटला 'जोड' म्हटलं, की सिस्टिम लगेच हो किंवा नाही म्हणत नाही. ती म्हणते, 'इन प्रोग्रेस'. म्हणजे शुद्ध वऱ्हाडीत, येऊन राह्यलो. नंतर कधीतरी ती आपल्या दारावर टकटक करते.

पण त्या टकटकीचा अर्थ 'जोडलं' असा नसतो. 'काय तो निकाल लागला' एवढाच असतो. पाहुणा आला असेल, नाहीतर अर्ध्या वाटेतून परत फिरल्याची खबर आली असेल. नेमकं काय झालं, हे दार उघडून विचारावं लागतं. एका ओळीचं काम.

सलीलने ती ओळच लिहिली नव्हती. टकटक झाली की दिवा हिरवा, आणि नवा आकडा आला नाही तर जुनाच पडद्यावर कायम. लाईन, म्हणजे वीजच काढल्यामुळे चार नंबरचा डबा सकाळपासून मुका होता, आणि पडदा त्याच्या वतीने खुशाली कळवत होता. मिस्तरीच्या बाबतीत सकाळी मराठीत केलेली चूक सलील कोडमध्ये आधीच करून बसला होता!

"सर, आमच्याकडे येऊन राहिला म्हणजे मुक्कामाला आला," तो कसनुसा म्हणाला.

"मुक्कामाला येणारा वऱ्हाडी फोन करत नाही बाबा. थेट वळकटी घेऊन येतो."

ती ओळ घातली. जुन्या आकड्याला रजा दिली, आणि 'अजून वाटेत' या अवस्थेसाठी पिवळा दिवा ठेवला. प्रोग्राम पुन्हा सुरू केला. चार नंबर आधी पिवळा, आणि मग जो व्हायला हवा तो झाला... लालभडक.

सलील माझ्या कानाशी लागला. "सर, क्लायंटसमोर पहिल्याच आठवड्यात लाल? बरं दिसेल का?"

ताई नेमक्या तेव्हाच दारात आल्या. हातात त्या खोलीतलंच एक संत्रं. "लाल असन तं लाल दाखवा नं जी! मी काय रडत बसन काय?"

मग त्यांनी ते संत्रं सगळीकडून दाबून पाहिलं, सोललं, एक फोड तोंडात टाकली आणि उरलेलं आमच्यापुढे धरलं. "टनक हाये. वाचला माल."

या धंद्यात इतकी वर्षं काढली. लाल दिवा दिसला की तो हिरवा कसा रंगवता येईल ते विचारणारे साहेब ढिगाने भेटले. लाल मागून घेणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच भेटलं... ताई, मनापासून आभार.