चारशे दोनचा इंटरकॉम

बाळकुमच्या ज्या बावीस मजली टॉवरमध्ये आवडाबाई राहतात, तिथे पूर्वी त्यांचं भाताचं शेत होतं. जमिनीच्या बदल्यात घराला तीन फ्लॅट मिळाले. मुलगा दिपेश आणि सून रुपाली सतराव्या मजल्यावर गेले, एक फ्लॅट भाड्याने दिला, आणि आईला मानाने चौथ्या मजल्यावर स्वतंत्र घर दिलं. मान एवढा मोठा, की दिवसभर तिकडे कुणी फिरकेना.

आवडाबाईंना रडू येत नसे, राग येई. तीन वर्षांपूर्वी नवरा रामा गेला त्या दिवशीही त्या कोरड्या डोळ्यांनी मांडववाल्याशी खुर्च्यांवरून भांडल्या होत्या. नव्या घरात भांडायलाही कुणी नव्हतं. मग त्यांना भिंतीवरचा इंटरकॉम सापडला. फ्लॅटचा नंबर दाबला की माणूस बोलतं, आणि तेही फुकट!

त्यांनी टॉवर तळापासून चाळायला घेतला. बहुतेक जण दोन वाक्यांत फोन ठेवत. बाराशे तीनमधल्या नीरजा कर्णिक मात्र शिस्तीच्या. समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत ऐकून घेत. तिथेच त्या फसल्या. रोज दुपारी चारला फोन.

“तुमचे घरा पानी येतं का?”

“येतं.”

“काय जेवलीस गो?”

नीरजाताई कॉलेजातून ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालेल्या. यजमान गेल्यावर कोपरीचं घर सोडून इथे आलेल्या. “मला एकटं राहायला आवडतं,” असं त्या भेटेल त्याला सांगत, आणि सांगायला माणसं शोधत फिरत. तीन आठवड्यांनी त्यांनी सोसायटीला मुद्देसूद पत्र लिहिलं. सेक्रेटरींनी दिपेशला बोलावून घेतलं, आणि दिपेशने आईच्या भिंतीवरचा फोन काढून नेला.

दुसऱ्या दिवशी मासळीवालीने सांगितला त्या भावाने आवडाबाईंनी बोंबील घेतले. जेवण अर्धं टाकू लागल्या. रुपाली धसकली.

“अरे, आई चार दिवस कुणावर ओरडल्या नाहीत,” ती दिपेशला म्हणाली. “मला तर भीतीच वाटते.”

ती त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी झोप, भूक, मन कशात लागतं का, सगळं शांतपणे विचारलं. “हे वयाचं नाही, उदासीचं आहे. बरं होतं,” ते म्हणाले. गोळी लिहून दिली आणि रुपालीला बजावलं, “गोळीबरोबर माणसंही लागतील.”

इकडे बाराव्या मजल्यावर नीरजाताई रोज चारला घड्याळाकडे बघत, आणि आता कशी छान शांतता आहे, हे स्वतःला पटवत. सहाव्या दिवशी, इंटरकॉम बिघडला तर नाही ना, एवढंच पाहायला त्यांनी चारशे दोन लावला. कुणी उचललाच नाही. त्या लिफ्टने खाली गेल्या आणि बेल दाबली.

“मी नीरजा. बाराशे तीन.”

“तूच ना गो कम्प्लेट केलीस?”

“हो. चुकलंच माझं.”

“मंग आता काय हवं?”

“चहा मिळाला तर...”

चहा ठेवता ठेवता आवडाबाईंनी पोराला, सेक्रेटरीला आणि लिफ्टलाही झाडून काढलं. साखरेच्या डब्याशी पोचल्या आणि आवाज थांबला.

“रामाला तीन चमचे लागायचे,” त्या म्हणाल्या, आणि तीन वर्षांनी एकदाच्या रडल्या.

नीरजाताईंना सांत्वन करणं जमत नाही. त्यांनी आधी गॅस बंद केला, मग शेजारी उभं राहून स्वतःचंही थोडं रडून घेतलं.

दिपेशने फोन परत लावला. दिवसाला एकच, असं ठरलंय, तीन होतात. गोळी चालू आहे, भूक परतली आहे. रुपाली दुपारी आपलं ताट घेऊन खाली येते. हल्ली दर मंगळवारी नीरजाताई आवडाबाईंना कोपरीला, आपल्या जुन्या शेजारणींबरोबर पत्ते खेळायला नेतात. परवा तिथून आल्यावर रुपालीने विचारलं, “आई, कशा आहेत तिकडच्या बायका?”

“बऱ्या हायेत,” आवडाबाई म्हणाल्या. “पन बोलतात किती गो! कान किटले माझे. पुढच्या मंगलवारी चकल्या न्यायच्या हायेत, भाजनी हाय का घरा?”