कुवेतमधले आठ दिवस आणि फटक्यांचा कायदा

दादाला मी शंभर वेळा सांगितलं होतं की मी पुस्तक लिहीत नाहीये, एम.ए.चा प्रबंध लिहितेय. पण त्याने कुवेतच्या मराठी मंडळात सांगून टाकलं होतं की माझी बहीण इंग्रजांच्या काळातल्या फटक्यांच्या शिक्षेवर पुस्तक लिहिते. मंडळाचे अध्यक्ष मनोहरकाका म्हणाले, मग बोलवा तिला, जानेवारीच्या कार्यक्रमात बोलू दे. दादा पाइप फिटर आहे आणि मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. माझ्या पदवीचा काहीतरी उपयोग दिसला म्हणून आई इतकी खूश झाली की नाही म्हणायची सोयच उरली नाही.

व्हिजिट व्हिसा दादाने काढला. नियम सारखे बदलतात, त्यामुळे माझ्या ह्या ब्लॉगसकट कुठल्याही ब्लॉगवर विसंबू नका, अधिकृत साइट बघा. मुंबईहून थेट विमान मिळतं. जानेवारीत जात असाल तर स्वेटर न्या. वाळवंट म्हणून मी तीन सुती कुर्ते नेले आणि पहिल्याच संध्याकाळी कुडकुडले.

राहायला मी मंगफ ह्या उपनगरात मनोहरकाकांच्या घरी होते, कारण दादाच्या कामगार कॅम्पमध्ये बाईला पाऊल ठेवता येत नाही. तो तिथे बॅचलर आहे. गावाला त्याची बायको आहे, चौथीतली मुलगी आहे, तरी इथे जो बायको सोबत आणू शकत नाही तो बॅचलर. इमारती वेगळ्या, हॉटेलात बसायची जागा वेगळी. नऊ वर्षं तो हे मुकाट ऐकतोय आणि मला नऊ मिनिटांत चीड आली.

दुसऱ्या दिवशी मी त्याला फोनवर म्हटलं, "दादा, मला तुझं काम तरी दाखव." त्याने मीना अब्दुल्ला ह्या गावातल्या तेलाच्या साइटवरून व्हिडिओ कॉल लावला. पाइपांचं जंगल, निळी डांगरी घातलेली माणसं, मागे चिमणीवर ज्योत. "बघ गो, ह्यो जॉइंट माझो," तो म्हणत होता, तेवढ्यात कॉल तुटला. तेलाच्या साइटवर फोन आत नेणं आणि चित्रण करणं, दोन्हीला सक्त मनाई आहे. त्याला ते माहीत होतं. सुरक्षारक्षकाने त्याचा फोन आणि गेटपास काढून घेतला. चौकशी होईपर्यंत काम बंद. पास रद्द झाला तर नोकरी गेली आणि परत गावी.

"तुला कळत नव्हतं?" संध्याकाळी तो काकांकडे आला तेव्हा मी ओरडले.

"तू इतक्या लांबसून इलंस. काय तरी दाखवक नको?"

काम बंद असल्याने त्याला मला फिरवायला वेळच वेळ होता, आणि ह्या सोयीचाच मला राग येत होता. मंगफहून शहरात जायला बस आहे, भाडं तीनशे फिल्सच्या आसपास. हजार फिल्सचा एक दिनार, आणि एक दिनार म्हणजे आपले पावणेतीनशेच्या वर रुपये हे डोक्यात ठेवलं तर टॅक्सीत बसायची इच्छा होत नाही. मुबारकिया बाजार चुकवू नका. खजूर चाखून घ्या, दुकानदार स्वतःच हातावर ठेवतात. तिथे भाजलेली मासळी खायला गेलो तर केरळचा वेटर म्हणाला, "बहन साथ में है? फिर फॅमिली सेक्शन, ऊपर." दादा जिना चढताना शर्ट नीट करत होता. वर बसल्यावर त्याने हळूच सांगितलं, "पहिल्यांदाच बसतंय हंय."

माझं भाषण शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, एका शाळेच्या हॉलमध्ये होतं. पुढे कुटुंबं, मागे बॅचलर. खुर्च्याही बॅचलरांनीच मांडल्या होत्या.

मी मनापासून बोलले. कंपनी सरकारने फटक्यांची शिक्षा एकदा बंद केली होती, आणि तीसएक वर्षांनी राणीच्या सरकारने कायदा करून ती परत आणली. त्यावर अधिकाऱ्यांत खूप वाद झाला. कोणी म्हणे, तुरुंग भरलेत आणि खर्च परवडत नाही. कोणी म्हणे, इथल्या माणसाला तुरुंगाची लाजच नाही, त्याला दुखणंच समजतं. कोणाला ते रानटी वाटे. कोणी म्हणे, फटके गरिबाच्या हिताचे, निदान त्याचं घर उपाशी राहत नाही. हा शेवटचा मुद्दा मी शुद्ध ढोंग म्हणून दोन वाक्यांत निकालात काढला.

मनोहरकाकांनी माइक घेतला. "छान अभ्यास. पण प्रामाणिकपणे सांगू? आजही फटकेच पाहिजेत. हात वर करा बघू, कोणाकोणाला पटतं!"

पुढचे बहुतेक हात वर. काकांची मुलगी रिया म्हणाली, "बट बाबा, हू डिसाइड्स?" काका हात मोजतच राहिले. मी मोठ्या आशेने मागच्या रांगांकडे पाहिलं. तिथेही हात वर होते. त्यांत दादाचा होता.

बाहेर पार्किंगमध्ये मी त्याला गाठलं. "काकांना बरं वाटावं म्हणून केलंस ना? तुझ्या पाससाठी ते ओळखीच्या कॉन्ट्रॅक्टरकडे शब्द टाकतील म्हणून?"

"तसा नाय." तो शांत होता, आणि त्या शांतपणाने मी आणखी भडकले. "जेलात गेलंय तर घराकडे कोण बघतलो? पास गेलो तरी तसाच. फटके खाल्ले तर चार दिसांनी वळ जातत. कामार जाऊक गावता."

"पण माणसाला मारायचं? कायद्याने?"

"बाय, तू म्हणतंस ता बरोबर आसा. पण माका विचारलंस तर मी ह्याच सांगतलंय."

दीड वर्षात मी ढीगभर सरकारी कागद वाचले होते. त्यांत साहेब लोक एकमेकांशी भांडत होते, आणि ज्याच्या पाठीवर फटके बसणार त्याला कोणी विचारल्याचं मला सापडलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

विमानतळावर मनोहरकाका स्वतः सोडायला आले. माणूस वाईट नाही, काकूंनी तर मला डबाही दिला. "सांगतो मी कॉन्ट्रॅक्टरला," ते म्हणाले, "पण असल्या लोकांना धाक हवाच." माझ्या कागदांतला साहेब जणू मराठीत बोलत गाडी चालवत होता, आणि दादासाठी मला त्याचे आभार मानावे लागले.

घरी परतल्यावर मी प्रबंधातली ती ढोंगाची दोन वाक्यं खोडली. मत बदललेलं नाही. तुरुंग की फटके, एवढंच निवडायला देणं हाच अन्याय आहे, असं आता तिथे लिहिलंय, चांगली सहा पानं. कुवेतला जायचं तर जरूर जा, समुद्रकाठी चाला, मासळी खा. फक्त साइटवरच्या माणसाला म्हणू नका की तुझं काम दाखव.

तीन आठवड्यांनी दादाचा पास परत मिळाला. त्याआधी सकाळच्या सेफ्टी मीटिंगमध्ये त्याला सगळ्या कामगारांसमोर उभं राहून आपली चूक हिंदीत मोठ्याने सांगावी लागली, आणि त्याचा फोटो गेटवर लावला, खाली नियम मोडल्याची सूचना. मला त्याने हे एका वाक्यात सांगून विषय बदलला. आईला इतकंच सांगितलं, की कंपनीने गेटवर माझा फोटो लावलाय.

आई ते सगळ्या वाडीत अभिमानाने सांगत फिरते. काल शेजारच्या काकीने मला विचारलं, "एवढ्या माणसांत त्याचोच फोटो? काय केल्यान गो?"

"खूप चांगलं काम करतो तो," मी म्हटलं.