वाऱ्यासाठी पाडलेली भोकं

प्यो जोंगदू आमच्या गल्लीत बॅनर शिवायचा. खाली दुकान, वर एक खोली. त्याच खोलीत तो जन्मला आणि तिथंच त्याची बायको गेली. माझं केस कापायचं दुकान त्याला लागून, मधली भिंत एकच. आमच्या कुनसान बंदराचा वारा म्हणजे नुसता धुमाकूळ, पण प्योला तो पाठ होता. शिलाई झाली की तापल्या सुरीनं तो कापडाला अर्ध्या चंद्रासारखे काप द्यायचा. वारा आला की तेवढी कापडाची जीभ उचलायची, वारा पलीकडं जायचा आणि बॅनर जागेवर राहायचा.

एका बिल्डर कंपनीनं गल्ली पाडून टॉवर उभे करायचं ठरवलं, तेव्हा आम्ही विरोध समिती काढली. अध्यक्ष बान गिह्वान, रिटायर बसड्रायव्हर. बोलताना मात्र ब्रेक नाही. बॅनर ठरला लाल अक्षरात: ‘मेलो तरी घर सोडणार नाही’.

“भोकं पाडायची नाहीत,” बान म्हणाला. “अक्षरांतून आरपार दिसलं तर कंपनीवाले हसतील. म्हणतील, हे तर आधीच फाटलेत.”

“मग वारा फाडेल.”

“तू शिव रे गपगुमान. वाऱ्याचं मी बघतो.”

सगळ्यांनी बानचीच री ओढली. प्योनं खांदे उडवले आणि भोकं न पाडता शिवून दिला. त्याच आठवड्यात कंपनीचा बॅनरही त्यानंच शिवला, ‘नव्या वस्तीबद्दल अभिनंदन’. त्याला भोकं होती. पोट कुणाला चुकलंय?

मग वादळ झालं. सकाळी आमचा बॅनर चिंध्या होऊन तारांवर लोंबत होता, त्यातलं ‘मेलो तरी’ एवढंच वाचता येत होतं. समोर कंपनीचं अभिनंदन जसंच्या तसं.

बान तरातरा प्योच्या दुकानात शिरला. “किती मन लावून शिवलंस रे त्यांचं. विकला गेलास ना?”

“दोन्ही सारखेच शिवले. तुम्ही भोकं नको म्हणालात.”

“वर तोंड करून बोलतोस?”

प्योनं सुईत दोरा ओवला. मला बानचा राग आला आणि त्याहून जास्त प्योचा. माणसानं निदान ओरडावं.

पुढं एकेकानं घर सोडायच्या कागदावर सह्या केल्या. सगळ्यात आधी बाननं. मीही केली. प्योनं केली नाही, तेव्हा कोर्टाचा हुकूम आला आणि त्यालाही महिनाअखेरची मुदत मिळाली. तो हुकूम त्यानं वाचला आणि पुन्हा मशीनवर बसला.

मी माझा मोठा आरसा न्यायला आले, तेव्हा तो कंपनीचाच बॅनर शिवत होता: ‘पाडकाम सुरू. प्रवेश बंद’.

“हा कुठं लागणार?”

“आपल्या रांगेवर.”

“म्हणजे तुझ्याच दारावर. नाही म्हणायला काय झालं होतं तुला?”

“कुणीतरी शिवणारच ना, वैनी.”

शिलाई संपवून त्यानं सुरी तापवली. कापडावर धरली आणि तशीच धरून राहिला.

“आता काय?”

“भोकं कुठं पाडू, कळत नाही.” तो दाराबाहेर बघत होता. समोरची रांग पाडून झाली होती, थेट समुद्रापर्यंत दिसत होतं. “वारा समोर बानच्या घराच्या भिंतीला आपटून इकडं वळायचा. आता भिंतच नाही. कुठनं येईल, काय सांगावं.”

मला रडू फुटलं. त्याच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. त्यानं दिसेल तिथं भोकं पाडली, बाहेर जाऊन स्वतःचं शटर ओढलं आणि त्यावर तो बॅनर नीट ताणून बांधला.