पाट्यापुरता ज्वालामुखी

ठाण्याहून निघालो तेव्हा माझ्या पेटीत कपडे थोडे आणि नारळ जास्त होते. आम्ही ठाण्याचे ज्यू; माझी थोरली बहीण सिपोराताई इस्राएलला जाऊन काही वर्षं झाली होती, आणि आता तिने कळवलं होतं, "मला परत न्यायला ये." १९६३च्या मे महिन्याची सुट्टी लागली तसा मी, भूगोलाचा मास्तर, पहिल्यांदाच विमानात बसलो.

बीरशेबाहून बसने येरुहामला उतरलो. चहूकडे धूळ, वारा आणि एकासारखी एक घरं. भावोजी कारखान्यात गेले होते. ताईने चहा टाकायच्या आधी तक्रार मांडली, "अरे, इथला दगड चुनखडीचा. त्यावर वाटलं की आमटीत कच येते. पाट्याशिवाय कसला रे संसार? ठाण्यात माझा पाटा तरी आहे!"

मला हसू आलं, पण तिचे डोळे भरले होते. प्रश्न एकट्या पाट्याचा नव्हता, हे मलाही कळत होतं.

तिची मुलगी दीना नऊ वर्षांची. तिला मराठी समजे, पण उत्तर हिब्रूत. भिंतीवर तिने स्वतः काढलेला नकाशा होता: अरेत्स श्खोरा (काळा देश). तांबडी नदी, पिवळं रान आणि मधोमध धूर ओकणारा डोंगर. तिथली राणी म्हणे लाव्हावर भाकऱ्या भाजते. दीना भराभरा काहीतरी बोलली.

"म्हणते, हा देश मित्स्पे रामोनच्या खड्ड्यात आहे. आई, एकदा बघ, मग तू जाणारच नाहीस," ताईने भाषांतर केलं आणि तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या मोरोक्कन ट्रकवाल्याने आम्हाला तिकडे नेलं. कड्यावर जाऊन उभा राहिलो. पायाखाली अख्खा मुलूख खोल गेलेला, तांबडा, पिवळा, जांभळा. या खड्ड्याला इथे मख्तेश (खल) म्हणतात. मला तर आनंदाने टाळ्या पिटाव्याशा वाटल्या.

पण दीना हिब्रूत ओरडत नाचू लागली, ताई म्हणाली, "ज्वालामुखी म्हणतेय," आणि माझ्यातला मास्तर जागा झाला. "अगं, हा खड्डा पाण्याने कोरलाय. इथे कुठला ज्वालामुखी?"

तिचा चेहरा पडला. ट्रकवाल्याला मराठी येत नव्हतं, तरी त्याने माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं.

वळणं उतरून खाली आलो तर चाक पंक्चर. दीना रुसून एका टेकडीकडे पळाली, मी तिच्या मागे. बूट घसरला आणि मी सपशेल आपटलो. पाहतो तर हाताखालचा दगड काळाकुळकुळीत, जड. सगळी टेकडीच काळी! हा तर आपला सह्याद्रीचा फत्तर, लाव्हा थिजून झालेला. मास्तरची पुरती फजिती झाली होती.

"दीना, तुझंच खरं! इथे ज्वालामुखी होता!"

ताई धापा टाकत आली. तिने एक दगड दुसऱ्यावर आपटून कान दिला. "अगो बाई, खणखणीत वाजतोय!" मग पदर खोचला. "तो नको, हा चपटा उचल." दीनाने एक लांबोळका धोंडा वरवंट्यासाठी पोटाशी धरला.

भावोजींनी छिन्नीने दगडाला टाकी लावली. शुक्रवारी ताईने त्यावर माझा नारळ वाटला. मासळीच्या आमटीत कच नावाला नव्हती. ट्रकवाल्याने पुन्हा पुन्हा वाढून घेतलं. परत जायचा विषय ताईने काढला नाही, मीही नाही.

लोदच्या विमानतळावरून मी एकटाच निघालो. ताई रडत होती, हसतही होती. दीना माझ्या कानाशी आली आणि चक्क मराठीत म्हणाली, "मामा, पुढच्या वेळी नारळ जास्त आण."

आता वर्गात मी शिकवतो की रामोनचा खड्डा पाण्याने कोरलेला आहे. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतंच, "सर, म्हणजे तिथे ज्वालामुखी नाहीच?"

"आहे ना," मी सांगतो, "आमच्या ताईच्या पाट्यापुरता."