वॉट हॉगार्थ रांगेतून गेला नाही

चूक माझीच. यारोफूटच्या मैदानावर माईक माझ्याकडे असतो, आणि माईक हातात आला की माझी जीभ माझ्या पुढे धावते. सेव्हन्सच्या, म्हणजे सात-सात गड्यांच्या रग्बी स्पर्धेच्या, दिवशी पहिला सामना जिंकून आमची पोरं बाहेर येत होती. तेवढ्यात क्लबचा अध्यक्ष आर्ची टर्नबुल माझ्या खोपटात डोकावून म्हणाला, "वॉटचं बहुतेक हे शेवटचंच वर्ष." मी त्यातलं 'बहुतेक' गाळलं आणि "मंडळी, आपला वॉट हॉगार्थ आज निवृत्त होतोय!" असं अख्ख्या गावाला ऐकवून मोकळा झालो.

आमच्याकडे निवृत्त होणाऱ्यासाठी दोन्ही संघ समोरासमोर रांगा करतात. तो टाळ्यांमधून बाहेर जातो, आणि एकदा त्या रांगेतून गेलेला माणूस पुन्हा बूट घालत नाही. ही रीत कुणी मोडत नाही. झालं, रांगा लागल्या, म्हातारे उभे राहिले, कुणीतरी डोळेही पुसले. वॉटने एकदा रांगांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि बाजूच्या कठड्यावरून उडी मारून तो बहिणीच्या टपरीमागे गेला.

इसा तिथे मटणाचं सारण भरलेल्या गरम पाई विकते. ती ओरडली, "टाळ्यांना घाबरतोस होय रे?"

"टाळ्यांना नाही गं. त्यानंतर दर शनिवारी तुझ्याकडे जेवावं लागेल, त्याला!"

वॉट अडतीस वर्षांचा. आठवडाभर टेकड्यांवर मेंढ्यांच्या कुरणांना कुंपण घालतो, शनिवारी खेळतो. सेव्हन्समध्ये गडी सातच, पण मैदान पंधरा जणांच्या रग्बीएवढं, त्यामुळे प्रत्येकाला सगळं थोडंथोडं यावं लागतं. वॉटला सगळंच बऱ्यापैकी येतं, आणि तेच त्याला नडलं. सतराव्या वर्षी तो आमच्या संघात आला, कारण स्क्रमच्या, म्हणजे खांद्याला खांदा लावून रेटणाऱ्या घोळक्याच्या, मधल्या गड्याला गालगुंड झालं होतं. पुढच्या वर्षी विंगवरच्या, म्हणजे कडेने पळणाऱ्या, पोराचं लग्न निघालं, वॉट विंगवर गेला. मग दोन हंगाम स्कॉटलंडची निळी जर्सी घालून देशोदेशी हिंडला. ज्याचा गुडघा जाईल त्याच्या जागी हा. नंतर त्या संघाला नवा कोच आला. त्याने विचारलं, "तुझी नेमकी जागा कोणती?"

"मैदान," वॉट म्हणाला.

कोच हसला नाही. पुढच्या दौऱ्यात वॉटचं नाव नव्हतं. गावात लोक हळहळायला लागले, तर हा प्रत्येकाला विचारत सुटला, "बिचारा कुणाला म्हणतोस रे?" आणि त्याच शनिवारी आमच्याकडून खेळायला उभा राहिला.

तर त्या दिवशी मी माफी मागायला कपडे बदलायच्या खोलीत गेलो. आर्ची आधीच तिथे होता.

"वॉट, गावाने उभं राहून टाळ्या वाजवल्यात. आता मानाने बस. तुझ्या जागी धाकटा केर खेळेल."

"माझ्या कुठल्या जागी?"

आर्ची हातातली खेळाडूंची यादी चाळायला लागला.

"रांगेतून गेलो का मी?"

"नाही."

"मग मी निवृत्त झालेलो नाही. हा माईकवाला झाला असेल."

"मी जाऊन सांगतो, माझी चूक झाली म्हणून," मी म्हणालो.

"तू तोंड उघडू नकोस. अजून एकदा बोललास तर लोक माझी शवपेटी मागवतील."

"राखीव बाकावर बस," आर्ची म्हणाला, "पण उतरवणार नाही. सांगून ठेवतो."

उपांत्य सामन्यात केरचा खांदा निखळला. आर्चीने बाकाकडे वळून पाहिलं, तर बाक रिकामं. वॉट जाकीट काढून रेषेवर उभा होता.

अंतिम सामना शेजारच्या लिंटनहॉशी. वॉट आधी स्क्रममागून चेंडू उचलणारा स्क्रम-हाफ म्हणून उतरला. मग आमच्या धिप्पाड प्रॉपला, स्क्रमच्या पुढच्या गड्याला, पिवळं कार्ड मिळून बाहेर बसावं लागलं, तेव्हा त्याच्याऐवजी स्क्रममध्ये डोकं घालून बसला. समोरचं पोर म्हणालं, "आजोबा, कमरेला जपा." पुढच्याच धडकेत ते पोर चिखलात उताणं झालं. "तू जप," वॉट म्हणाला. अगदी शेवटी आम्ही कोपऱ्यात रेषेपलीकडे चेंडू टेकवून ट्राय केला. आता वॉटची दोन गुणांची ड्रॉप किक खांबांमधून गेली असती तर बरोबरी. चेंडू खांबावर आपटला आणि परत आला. आम्ही दोन गुणांनी हरलो.

मी पहिल्यांदाच आपणहून माईक ठेवला आणि मैदानात गेलो. आर्ची खाली उतरला आणि त्याने वॉटच्या खांद्यावर हात ठेवला.

"आता तरी?"

वॉटने फुटलेला ओठ पुसला. "वारा ओळखायला चुकलो. पुढच्या शनिवारी चुकणार नाही."

"पुढच्या शनिवारी त्यांच्याच गावात सेव्हन्स आहे. सगळं गाव तुला हसेल."

"हसू दे की. मी कानांनी खेळत नाही."

आर्चीने सुस्कारा सोडला. "मंगळवारी सरावाला ये. घरचा जिना उतरता आला तर!"

वॉटला उभं राहायलाही खांबाचा आधार लागत होता. ते पाहून मला चेव आला. "मंगळवारी आलास, तर इसाच्या दोन पाई माझ्याकडून!"

"गरम हव्यात," तो म्हणाला.

मंगळवारी वॉट आला. कठडा धरून जिना उलटा उतरला, असं इसाने सांगितलं. आर्चीने चेंडू वॉटच्या अंगावर फेकला, वॉटने तो झेलला आणि लंगडत पळायला लागला. शनिवारी लिंटनहॉला त्याला विंगवर घेतलं.

इसाची टपरी आमच्या मैदानावर सामना असेल तेव्हाच उघडते, असं मी त्याला सांगतो. सामने होतात, टपरी उघडते, तेव्हा मी माईकवर फार कामात असतो. दोन पाई अजून द्यायच्या आहेत.